जाडा ठिपका

१

आकाशाला सीमा नसते, हे सत्य मानवजातीने फार प्राचीन काळापासून उराशी बाळगलेलं आहे. ते खोटं आहे. आकाशाला सीमा असते. ती नकाशावर निळ्या रेघेने काढलेली असते आणि ओलांडायची असेल तर आधी रेडिओवरून परवानगी मागावी लागते. न मागता ओलांडली तर पत्र येतं.

फ्लाइंग क्लबला ते बुधवारी आलं. मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी एक अनोळखी विमान कालवा ओलांडून मोठ्या विमानतळाच्या हद्दीत शिरलं, चार मिनिटं तिथे राहिलं आणि आलं तसं परत गेलं. मनोऱ्याने हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. उतरायच्या बेतात असलेल्या एका प्रवासी विमानाला त्यामुळे पुन्हा वर जाऊन एक घिरटी घालावी लागली. सबब वैमानिक कोण ते कळवावे.

क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, एक धावपट्टी, तीन विमानं आणि एक पाय आखूड असलेलं टेबल. कालव्याच्या अलीकडचं आकाश क्लबचं, पलीकडचं मनोऱ्याचं, हे तिथल्या मांजरालाही पाठ होतं. मंगळवारी त्या वेळी तिन्ही विमानं हवेत होती. क्लबची दोन दोन-आसनी, त्यांपैकी एकात मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, आणि दुसऱ्यात त्यांची सख्खी भाची छोटी. तिसरं विमान चार-आसनी, दातांच्या डॉक्टरांचं स्वतःचं.

तिघांनी बुधवारीच लेखी जबाब दिले. तिघांचंही म्हणणं असं, की आपण कालव्याच्या एक मैल अलीकडूनच वळलो. तिन्ही जबाबांत फरक एवढाच होता की एकात "वळले" असं होतं.

ते "वळले" लिहिणारीचं सगळं आयुष्य त्या शब्दावर टांगलेलं होतं. छोटीला एका नव्या विमान कंपनीत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. हद्द मोडणाऱ्याचा परवाना सहा महिने सरकारी कपाटात जातो, आणि कपाटातला परवाना घेऊन कोणी नोकरीवर रुजू होत नाही. तिघांत सगळ्यात नवखी तीच, त्यामुळे गुन्हेगार कोण हे क्लबात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. फक्त कोणी बोलत नव्हतं, आणि चहाच्या वेळी जो तो तिला आपणहून बिस्किट पुढे करत होता. नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं.

गुरुवारी सकाळी क्लबच्या फाटकाशी बस थांबली. एक बाई उतरल्या. हातात पर्स, पर्समध्ये तिघांचे जबाब.

"यांच्यातला एक खोटा आहे असं मला सांगून पाठवलंय," त्या फाटकाशी आलेल्या क्लबच्या मिस्त्रींना म्हणाल्या. "मला तर तिन्ही खोटे वाटतात."

२

या चौकशीबाई. अठरा वर्षं मनोऱ्यात बसून त्यांनी विमानं उतरवली होती. स्वतः विमानात बसायची पाळी दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा त्यांनी खिडकीची जागा शेजाऱ्याला दिली. मनोऱ्यात असताना नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, की वैमानिक घाबरलाय, भांडून आलाय की जेवून आलाय. आता त्यांच्याकडे चौकश्या होत्या.

मिस्त्री विमानांची देखभाल करत. त्यांनी बाईंना विमानं दाखवली. छोटीच्या विमानात समोर एक डबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती, वरून चिकटपट्टी.

"हे काय?"

"ओळख सांगणारं यंत्र. हे चालू असलं की मनोऱ्याच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी विमानाचा नंबर उमटतो. नवं आहे."

"कधी बसवलं?"

"चार वर्षं झाली असतील."

"मग प्लॅस्टिक का नाही काढलं?"

मिस्त्रींनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पाहुणे नसताना सोफ्यावरचं कव्हर काढायला सांगितलं होतं. "धूळ बसते हो. दोन्ही विमानांत गुंडाळून ठेवलंय. मनोऱ्याच्या हद्दीत जायचं असलं की काढतो."

"आणि न ठरवता गेलं तर?"

"न ठरवता कोण कसं जाईल?" मिस्त्री म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं.

"कप्तान कसे आहेत?"

"कडक. पण देवमाणूस. एकतीस वर्षांत एक शेरा नाही त्यांच्या नावावर." मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "एकच खोड आहे. सांगून परीक्षा घेत नाहीत. म्हणतात, सांगितलं की माणूस परीक्षेपुरता शहाणा होतो. माझीसुद्धा घेतात. मागच्या महिन्यात एक स्क्रू गुपचूप काढून खिशात टाकला, माझ्या लक्षात येतंय का बघायला."

"आलं?"

"लगेच! पण तो कुठल्या खिशात टाकला ते त्यांच्या लक्षात नाही. अजून सापडला नाही."

"कुठल्या विमानाचा होता?"

मिस्त्रींनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही बसनंच परत जाणार ना?"

चौकशीबाईंनी वही मिटली. येण्याआधी त्या मनोऱ्यावर जाऊन आल्या होत्या. मंगळवारी पडद्यासमोर बसलेला मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, उगाच शब्द वाढवणारा नव्हे. तो एवढंच म्हणाला होता, "मॅडम, ठिपका जाडा होता. पोट सुटल्यासारखा."

क्लबची दोन-आसनी विमानं म्हणजे चिलटं. त्यांचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उमटतो. बाईंनी शेडमध्ये नजर फिरवली. तिन्हींत अंगाने भरलेलं असं एकच विमान होतं, दातांच्या डॉक्टरांचं.

आणि त्याचे मालक त्याच क्षणी, बूट हातात घेऊन, मागच्या दाराने निघाले होते.

३

"पळत नव्हतो हो," डॉक्टर म्हणाले. "पेशंट ताटकळलाय. तोंड उघडं ठेवून आलोय त्याचं."

डॉक्टर गोड बोलायचे. समोरच्याला उत्तर देता येत नसताना बोलायची वर्षानुवर्षांची सवय. त्यांच्या विमानात तीन पडदे होते आणि तिन्हींवर नकाशे. कुठून उडालो, कुठे वळलो, सगळं आपोआप नोंदलं जायचं.

"मग मंगळवारची नोंद दाखवा."

"मंगळवारी नेमकी बॅटरी गेली."

"तिन्ही पडद्यांची?"

"एकदम! दातांचंसुद्धा असंच असतं बघा, एक गेला की शेजारचा..."

"आणि ओळख सांगणारं यंत्र? तुमच्याकडे तर प्लॅस्टिक नाही."

"तेही... थकलं होतं."

चौकशीबाईंनी पर्समधून एक आंतरदेशीय पत्र काढलं. "आमच्याकडे आवाजाच्या तक्रारी येतात. कोणी वाचत नाही, मी वाचते. हे काल आलं. 'मंगळवारी सकाळी दहा ते दहा पंचवीस या वेळात एका विमानाने माझ्या जावयाच्या घरावर अकरा घिरट्या घातल्या. मी मोजल्या. मी येथे विश्रांतीसाठी आलेलो पाहुणा असून...'"

"बाई, पुरे."

"'...या प्रकाराने विश्रांती न झाल्यामुळे मुक्काम महिनाभर वाढवण्याच्या विचारात आहे.'"

डॉक्टर मटकन टायरवर बसले. "महिनाभर?"

"सही ओळखता ना?"

"लग्नपत्रिकेवर होती." डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला. "मंगळवारी सकाळी जाणार होते हो ते. दहा वाजता निघतो म्हणाले होते. वरून बघत होतो, दारातली गाडी हलली का. हलली असती तर लगेच उतरून घरी गेलो असतो."

"अकरा वेळा?"

"दर फेरीला वाटायचं, आता निघतील. एकदा तर डिकी उघडली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तर आतून उशी काढली आणि परत घरात." ते बाईंच्या जवळ सरकले. "हे अहवालात लिहावं लागतं का? नाही म्हणजे, मी हद्दीत घुसलो असं लिहा हवं तर. सहा महिने परवाना गेला तरी चालेल. पण हे घरी कळलं तर..."

बाईंनी पत्राची घडी घातली. डॉक्टरांचं घर कालव्याच्या उलट दिशेला, नऊ मैलांवर. सासरे मोजण्यात चुकणारे दिसत नव्हते. दहा वाजून बारा मिनिटांनी डॉक्टर बहुधा सहाव्या घिरटीत होते.

म्हणजे जाडं विमान सुटलं. उरली दोन चिलटं, आणि एका चिलटाचा ठिपका एवढा जाडा दिसू शकत नाही.

दारात सावली पडली. कप्तान उभे होते. गणवेश कडक इस्त्रीचा, चेहराही.

"बाई, लोकांना उगाच छळू नका," ते म्हणाले. "मंगळवारी हद्दीत मी घुसलो होतो."

४

पाय आखूड असलेल्या टेबलाशी कप्तान ताठ बसले. त्यांचा कबुलीजबाब घडी घालून आणल्यासारखा होता. इंजिन तपासायला उडालो. लक्ष इंजिनाकडे होतं. कालवा कधी मागे पडला ते कळलं नाही. चूक ध्यानात आली, वळलो, परत आलो.

"मग काल खोटं का लिहिलंत?"

"भीती वाटली."

बाईंनी त्या आवाजाकडे कान दिला. खूप काही होतं त्यात, पण भीती नव्हती.

"कालव्यापलीकडे काय दिसलं?"

"काय म्हणजे?"

"चार मिनिटं होतात तिथे. काहीतरी दिसलं असेल. आम्ही सगळ्यांना विचारतो."

कप्तानांनी डोळे मिटले. "कागद कारखान्याच्या पलीकडे एक उंच टाकी आहे पाण्याची. तिच्या शेजारून जाऊन परत फिरलो."

"नकाशात तर टाकी नाही."

"नवी असणार. पांढरीशुभ्र. डोळे दिपतात."

"बरोबर कोणी होतं?"

"विमान माझं, चूक माझी."

"मी विचारलं, बरोबर कोणी होतं?"

"एकटाच होतो," कप्तान म्हणाले, आणि सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की टेबलाने आखूड पाय टेकवला. "झालं ना आता? मुलीचा कागद मोकळा झाला? सोमवारी तिला रुजू व्हायचंय."

"कुठला कागद?"

"शेवटच्या उड्डाणाचा. परवाना पक्का व्हायला शेवटची दहा तासांची उड्डाणं लागतात. मंगळवारचं तिचं शेवटचं. माझी सही बाकी आहे."

"आज गुरुवार. अजून केली नाहीत?"

"राहिली," कप्तान म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांचं काही राहिलं नव्हतं. बाईंनी हेही लिहून घेतलं.

प्रकरण संपलं होतं. गुन्हेगार, कबुली, सही, सगळं एका दुपारात. बाई पर्स घेऊन बसथांब्यावर आल्या. तिथल्या बाकावर छोटी आधीच बसली होती. डोळे लाल, पण केस नीट विंचरलेले. काहीतरी ठरवून आलेली.

"मॅडम," ती म्हणाली, "मामाचं काही ऐकू नका. हद्दीत मी घुसले होते."

५

गुन्ह्याला गुन्हेगार मिळत नाही म्हणून अडलेल्या चौकश्या बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. एका गुन्ह्याला दोन गुन्हेगार, आणि दोघेही हट्टाला पेटलेले, ही त्यांची पहिलीच वेळ.

"क्लबात त्यांना सर म्हणतेस ना?"

"हो. इथे सर, घरी मामा. आई म्हणते, विमानाजवळ नातं काढायचं नाही." छोटीने नाक पुसलं. "मी एकटीच होते मॅडम. कालवा दिसला, तरी वळले नाही. उशिरा वळले. लिहून घ्या ना, तुमची बस येईल."

"नोकरी जाईल."

"दुसरी बघीन."

"अशा नोकऱ्या झाडाला लागतात वाटतं?"

"मामाला दुसरं काही येत नाही, मॅडम," छोटी म्हणाली. "जमिनीवर त्याला रस्तासुद्धा नीट ओलांडता येत नाही. सहा महिने तो काय करेल?"

बाईंनी बस येतेय का ते पाहिलं. येत नव्हती. "पलीकडे काय दिसलं?"

"टाकी. पाण्याची. मोठी आहे."

"पांढरी?"

"छे, तांबडी! मातीच्या माठासारखी. नीट आठवतंय."

बस आली. बाईंनी ती जाऊ दिली. मागोमाग दातांचे डॉक्टर गाडीतून घरी निघाले होते, सावकाश, जमेल तितक्या सावकाश. बाईंनी हात केला. घरापासून लांब जायची संधी डॉक्टरांनी इतक्या आनंदाने घेतली की दिशासुद्धा विचारली नाही. वाटेत त्यांनी आरशातून बाईंची खालची दाढ तपासून घेतली.

कालव्याचा पूल, कागद कारखाना, त्याच्या कडेचा मोठा रस्ता. टाकी खरोखरच होती. पुलावरून, म्हणजे क्लबच्या बाजूने पाहिलं, तर ती मधोमध उभी चिरल्यासारखी दिसत होती. रस्त्याकडची अर्धी पांढरीशुभ्र, शेताकडची अर्धी तांबडी. परांचीवर बसून एक रंगारी विडी ओढत होता, म्हणजे परांची दोरांनी वर टांगलेली होती आणि त्याला तिची सवय होती.

"मागची बाजू कधी रंगवणार?" बाईंनी खालून विचारलं.

"नाही रंगवायची. टाकी महिन्यापूर्वी उभी केली ती तांबड्या प्रायमरवर. मालक म्हणाले, रस्त्याकडून दिसते तेवढी पांढरी कर, मागची बाजू कोण बघतं?"

"मंगळवारी इथे विमान आलं होतं?"

"आलं होतं की."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"मालकाला सांगितलं. ते म्हणाले, वर बघू नकोस, टाकीकडे बघ."

बाईंनी मान अजून मागे केली. "किती आली होती?"

"किती म्हणजे?" रंगाऱ्याने विडी विझवली आणि बोटं मोजायला हात मोकळा केला.

६

शुक्रवारी चार वाजता सगळे शेडमध्ये जमले. पाच वाजता अहवाल पाठवायचा होता. कप्तान एका बाजूला, छोटी दुसऱ्या, आणि दोघांनीही एकमेकांच्या कबुलीजबाबाची बातमी मिस्त्रींकडून ऐकल्यामुळे दोघेही फुगलेले. डॉक्टर केवळ घरी जायचं नाही म्हणून थांबले होते.

"दोघांनीही एकटं असल्याचं सांगितलं," चौकशीबाई म्हणाल्या. "दोघांनाही टाकी दिसली. टाकी नकाशात नाही, महिन्यापूर्वी ती जागेवरही नव्हती. आणि या महिन्यात क्लबचं कोणी परवानगी घेऊन कालव्यापलीकडे गेलेलं नाही, न घेता गेलं ते एकदाच, मंगळवारी. म्हणजे त्या चार मिनिटांत दोघेही तिथे होतात."

"टाकी अलीकडूनसुद्धा दिसते!" कप्तान म्हणाले. "पोरीने लांबून पाहिली असेल."

"अलीकडून पाहिली तर अर्धी पांढरी, अर्धी तांबडी दिसते. मी पुलावर उभी राहून आले. तुम्हाला नुसती पांढरी दिसली, हिला नुसती तांबडी. एक रस्त्याकडून गेला, एक शेताकडून. मध्ये टाकी. टाकीवर रंगारी. तो म्हणाला, दोन विमानं दोन बाजूंनी गेली, आपल्याला सलामी देतायत असं वाटलं, म्हणून त्याने ब्रश वर केला."

"पण पत्रात तर एकच विमान आहे," मिस्त्री म्हणाले.

"दोन छोटी विमानं चिकटून उडाली की पडद्यावर एकच ठिपका दिसतो. जाडा. रेडिओ दोघांचेही क्लबच्याच लहरीवर, म्हणून मनोऱ्याच्या हाका कोणाला ऐकू आल्या नाहीत. यंत्रं चालू असती तर शेजारी दोन नंबर दिसले असते." बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. "ती धुळीपासून सुरक्षित होती."

मग कप्तानांचा बांध फुटला.

"वळली का नाहीस?" ते छोटीवर कडाडले. "कालवा दिसला नाही?"

"दिसला, सर!"

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही वळाल. तुम्ही वळत नाही म्हटल्यावर वाटलं, सरांनी परवानगी घेतली असणार!"

"मी? मी कशाला घेऊ? मी तुझी परीक्षा घेत होतो! तू वळतेस कधी ते बघत होतो!"

"मला काय माहीत परीक्षा आहे ते?"

"माहीत असतं तर ती परीक्षा कसली?"

"म्हणजे मी तुझ्याकडे बघतेय, तू माझ्याकडे बघतोयस," छोटीचं सर गळून पडलं, "आणि खाली कोणीच बघत नाही! वा रे मामा!"

"पण तुला मी दिसायलाच नको होतो! मी सूर्याच्या आड होतो!"

"तू सूर्याच्या आड होतास, पण तुझी सावली माझ्या पंखावर पडत होती. पहिल्या मिनिटापासून."

कप्तान खुर्चीत बसले. हद्द मोडल्याचं त्यांना इतकं लागलं नव्हतं. "पहिल्या मिनिटापासून?" त्यांनी विचारलं. "मग रेडिओवर बोलली का नाहीस?"

"एवढा लपून आला होतास. बोलले असते तर तुला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांनी रुमाल काढला. मिस्त्री हळूच म्हणाले, "अशा किती परीक्षा झाल्या असतील आजवर, आणि सगळ्यांना माहीत असेल." त्यांना कोणी गप्प बसवलं नाही, कारण तेच सगळ्यांच्या मनात आलं होतं.

"आता नियम," चौकशीबाई म्हणाल्या. "विद्यार्थी एकटा उडत असेल तर हद्दीची जबाबदारी विद्यार्थ्याची. निरीक्षक प्रशिक्षक हवेत हजर असेल तर निरीक्षकाची. छोटीच्या शेवटच्या उड्डाणाचा कागद आणा. 'निरीक्षण कोणी केले' ही ओळ कोरी आहे. ती भरली तर सहा महिने तुमचे, नाही भरली तर तिचे."

"मामा, नाही हं," छोटी म्हणाली.

"सर म्हण," कप्तान म्हणाले, आणि त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. खाली आणखी एक रकाना होता. शेरा आणि निकाल.

"नापास लिहिलं तर?"

"दहा तास पुन्हा उडायचं. सोमवार गेला."

"आणि पास लिहिलं, तर न विचारता दुसऱ्याच्या हद्दीत घुसणाऱ्या पोरीला मी पास केलं असं होईल. तेही सख्ख्या भाचीला." कप्तानांनी घाम पुसला. "एकतीस वर्षांत मी कोणाला फुकट पास केलेलं नाही."

"मला तर स्क्रू गेल्याचं लगेच ओळखूनसुद्धा केलं नाही," मिस्त्री म्हणाले.

साडेचार वाजले. पावणेपाच झाले. छोटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला पास व्हायचं होतं आणि मामाने खोटं लिहायला नको होतं, आणि या दोन गोष्टी एका रकान्यात मावत नव्हत्या. कप्तानांनी दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पेन उचललं. पाचाला आठ मिनिटं कमी असताना त्यांनी एका दमात लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद बाईंकडे सरकवला.

बाईंनी मोठ्याने वाचलं. "'विद्यार्थिनीने संपूर्ण उड्डाणात प्रशिक्षकाचे तंतोतंत अनुकरण केले. उत्तीर्ण.'"

"यात एक अक्षर खोटं नाही," कप्तान म्हणाले.

"नाही," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज नीट ऐकला होता.

कप्तानांनी खिशातून परवाना काढला, एकदा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि टेबलावर ठेवला. छोटीने तो परत उचलायला हात पुढे केला. त्यांनी तिच्या हातावर चापट मारली. लहानपणी पंख्याकडे हात नेला की मारायचे तशी. मग छोटी रडली आणि मिस्त्रींनी चहा टाकला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती कंपनीत रुजू झाली. तिथे तिच्या गणवेशाची मापं घेतली. कंपनीची विमानं अजून यायची आहेत, आठ महिन्यांनी येतील, तेव्हा या, असं सांगून तिला घरी पाठवलं.